पाव मैलाच्या पट्ट्यासाठी: आमचा ड्रॅग ट्रॅक बंद करू पाहणाऱ्यांना खुले पत्र

ड्रॅग ट्रॅकचे मालक आणि जागेचा वापर बदलण्याच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी आणि बाबा नेहमीसारखे ट्रॅकवर आलो, तर फाटकाच्या जाळीला एक कागद बांधलेला होता. चारच ओळी. हा हंगाम संपला की शर्यती कायमच्या बंद होतील, जागा गोदामांसाठी देण्याचा प्रस्ताव आहे, हरकती असल्यास लेखी कळवाव्यात. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे या वर्षीची वही अर्धीच राहणार."

त्या वहीबद्दल पुढे सांगणारच आहे. हे पत्र म्हणजे माझी लेखी हरकत आहे. ती तुमच्या फायलीत एखाद्या क्रमांकाखाली पडून राहू नये, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी ट्रॅकवर पहिल्यांदा आले तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवशी नायट्रो नावाच्या इंधनावर चालणाऱ्या गाड्या येणार होत्या. बाबांनी माझ्या कानांत बोळे घातले, त्यावर इअरमफ चढवले आणि पूर्वेकडच्या पायऱ्यांवर तिसऱ्या रांगेत मला बसवलं. सुरुवातीच्या रेषेपासून साठेक फुटांवर असलेली ती जागा तेव्हापासून आमचीच. दोन लांबलचक, सापळ्यासारख्या गाड्या रेषेवर आल्या, पुढच्या खांबावरचे दिवे पेटले आणि मला वाटलं की आपल्या छातीत कुणीतरी हात घालून आतलं सगळं हलवलं. आवाज फळीतून आला, पायांतून आला, बरगड्यांतून आला. शेजारच्या रिकाम्या फळीचा एक सैल बोल्ट थडथड उडत होता, तो मला अजून दिसतो. चार-पाच सेकंदांत सगळं संपलं होतं आणि पार टोकाला दोन पॅराशूट उघडलेली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरून रडते आहे असं बाबांना वाटलं. ते नायट्रोच्या धुराने आलेलं पाणी होतं. थोडं दुसऱ्या कशानेही असेल, पण भीतीने नव्हतं हे नक्की.

समितीतल्या ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या, दोन पट्टे, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दिवा हिरवा झाला की निघायचं आणि टोकाला आधी पोचायचं. तो दिव्यांचा खांब, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६०च्या दशकात आला. त्याआधी एक माणूस हातात झेंडा घेऊन दोन गाड्यांच्या पुढे उभा राहायचा आणि झेंडा उंचावत हवेत उडी मारायचा. नायट्रोमिथेन हे इंधन आपला काही ऑक्सिजन स्वतःबरोबरच आणतं, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. नायट्रोवर धावणाऱ्या सर्वांत वेगवान गटाला टॉप फ्युएल म्हणतात; आजच्या त्या गाड्यांची ताकद दहा हजार अश्वशक्तीच्या वर सांगतात. १००० फूट अंतर (त्यांची शर्यत आता एवढीच असते, का ते पुढे सांगते) त्या चार सेकंदांच्या आत कापतात आणि ताशी ५३० किलोमीटर ओलांडून जातात.

हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण आम्ही आकड्यांसाठी एवढी वर्षं येत राहिलो नाही.

आम्ही येत राहिलो कारण इथे दोरी नव्हती. प्रेक्षक एकीकडे आणि स्पर्धक एकीकडे असं कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. तिकीट काढलेल्या कुणालाही पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती चालते तिथे, फिरता यायचं. धाव संपवून आलेली गाडी समोर उभी राहायची आणि चार-सहा माणसं तिच्यावर तुटून पडायची. तासाच्या आत अख्खं इंजिन उघडून, पिस्टन बदलून, पुन्हा जोडून सुरू करायची. आम्ही मुलं हाताच्या अंतरावर उभी असायचो. त्या पहिल्याच दिवशी एका मेकॅनिकने काढलेले प्लग मांडून ठेवले होते. मी टक लावून बघते आहे हे पाहून त्याने एक माझ्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. त्याचं टोकच नव्हतं. जिथे ठिणगी पडते तो धातूचा वाकडा काटा वितळून गेला होता. मी विचारलं, मग गाडी चालली कशी? तो म्हणाला, नायट्रोच्या इंजिनात धाव पुरी व्हायच्या आतच प्लगचं टोक जळून जातं, पुढे इंजिन स्वतःच्या दाबावर आणि उष्णतेवर पेटत राहतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्याने हे असं सांगितलं जणू तीही उद्या इंजिन खोलणार आहे. तो प्लग माझ्या टेबलावर आहे. हे पत्र लिहिताना समोरच आहे.

संध्याकाळी शर्यती संपल्यावर ट्रॅकवरून चालायला परवानगी असायची. सुरुवातीच्या रेषेजवळ टायरचं रबर आणि चिकट द्रावण यांचा थर इतका जाड असतो की माझी सँडल तिथेच चिकटून बसली आणि मी एका पायावर पुढे गेले. बाबांनी ती दोन्ही हातांनी ओढून काढली. तो "चर्र" आवाज आमच्या घरात कितीतरी वर्षं काढून दाखवला जायचा.

आता दादाबद्दल, कारण तुमच्या अहवालात या ट्रॅकला "व्यावसायिक वेगवान वाहनांच्या प्रदर्शनाची जागा" म्हटलं आहे आणि ते चूक आहे. वर्षातले दोन दिवस मोठ्या गाड्या येतात. बाकीचे सगळे शनिवार दादासारख्यांचे असतात.

दादाची गाडी म्हणजे आमच्या घरची गाडी. चार दारांची, आई रोज जिच्यातून कामाला जायची ती. शनिवारी दुपारी दादा मागची सीट आणि स्टेपनी काढून ठेवायचा, वजन कमी व्हावं म्हणून, आणि रविवारी आईच्या देखरेखीखाली परत बसवायचा. अशा गाडीने शर्यत कुणाशी करायची? तर कुणाशीही. त्यासाठी ब्रॅकेट रेसिंग आहे. तुमची गाडी किती सेकंदांत पाव मैल जाते तो आकडा तुम्हीच आधी सांगायचा. दोन आकड्यांत जो फरक असेल तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तरी बाद, म्हणजे कुणी मुद्दाम हळू आकडा सांगून फायदा उपटू शकत नाही. पैसा, ताकद, गाडीची किंमत, सगळं एका बाजूला राहतं. उरतं ते एवढंच की स्वतःची गाडी तुम्हाला किती कळते आणि दिव्याकडे बघताना तुमचं मन किती थाऱ्यावर असतं.

एका शनिवारी दादाने काचेवर १७.४० लिहिलं होतं. शेजारच्या पट्ट्यात खास बांधून घेतलेली शर्यतीची गाडी, तिच्यावर १०.२०. दादाचा दिवा हिरवा झाला, तो निघाला, आणि दुसरी गाडी जागेवरच गुरगुरत उभी. सात सेकंद आणि वर वीस शतांश. सात सेकंद किती लांब असतात हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. दादाने पट्ट्याचा साधारण पाव भाग कापला होता तेव्हा ती गाडी सुटली. शेवटच्या शंभर फुटांत तिने त्याला गाठलं आणि रेषा तीच आधी ओलांडून गेली. आईने मान खाली घातली. पण विजयाचा दिवा दादाच्या पट्ट्यात लागला. त्या गाडीने १०.१७ नोंदवले होते, म्हणजे सांगितलेल्या वेळेपेक्षा तीन शतांश सेकंद लवकर. दादाचे १७.४३. बाबांनी वहीत तो आकडा लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली. ती रेघ कागद फाटण्याइतकी दाबून मारलेली आहे.

तो हरलेला माणूस अर्ध्या तासाने आमच्या गाडीपाशी आला. मला वाटलं भांडेल. त्याने वाकून दादाच्या टायरमधली हवा तपासली, मागच्या दोन टायरांत हवा सारखी नाही हे दाखवलं आणि पुढच्या शनिवारी स्वतःचा गेज घेऊन ये म्हणाला. दादा आज जे काही काम करतो ते त्या ओळखीतून शिकलेलं आहे.

मी स्वतः त्याच गाडीने एकोणिसाव्या वर्षी एकदा धावले. पहिल्या प्रयत्नात घाईने निघाले आणि लाल दिवा लागला. परत फिरून आले तेव्हा रेषेवरचा अधिकारी खिडकीत वाकून म्हणाला, "हिरव्याची वाट बघू नकोस, पण पहिल्या पिवळ्यालाही निघू नकोस. तिसरा पिवळा दिसला की पाय सोड." पिवळे तीन दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. पाय हलायला, गाडी हलायला जो वेळ जातो तो धरून तिसऱ्या पिवळ्यालाच निघावं लागतं. हे वाक्य मला पुढे आयुष्यात गाडीबाहेरही फार उपयोगी पडलं आहे.

ज्या काळात मी नऊ वर्षांची होते त्याच काळात शर्ली मल्डाउनी या अमेरिकन ड्रॅग रेसरचं नाव पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा तिने टॉप फ्युएलचं अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, पुरुषांशी त्याच पट्ट्यावर धावून. १९८४च्या भीषण अपघातात तिचे पाय चिरडले गेले आणि तरीही ती परत येऊन गाडीत बसली. बायकांसाठी वेगळा गट नसलेले खेळ फार थोडे. त्यांतला एक माझ्या घराजवळ होता, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत आधी ही की आम्हाला कुणी विचारलं नाही. दर शनिवारी पायऱ्यांवर बसणारे, रेषेवर फुकट राबणारे, रुग्णवाहिकेजवळ थांबणारे, धावेनंतर वेळेच्या स्लिपा वाटणारे, यांपैकी एकालाही निर्णयाआधी बोलावलं गेलं नाही. फाटकावरच्या कागदावर हरकतींसाठी पंधरा दिवस दिले आहेत. ट्रॅक इतक्या वर्षांचा आणि मुदत दोन आठवड्यांची.

आवाजाचा मुद्दा खरा आहे. तो मी टाळणार नाही. ट्रॅकजवळ आता घरं आहेत. ती ट्रॅकनंतर आली हे खरं असलं तरी त्या घरांत लहान मुलं आहेत, आजारी माणसं आहेत, आणि रात्री झोप मिळणं हा त्यांचा हक्क आहे. मी तिथे राहत असते तर मीही तक्रार केली असती. पण अहवालातलं ध्वनिमापन कोणत्या दिवशी झालं ते बघा. तारीख तुम्हीच छापली आहे. तो वर्षातल्या दोन नायट्रोच्या दिवसांपैकी एक दिवस होता. बाबांच्या वहीत त्या तारखेचं पान आहे, त्यावर प्रत्येक नायट्रो धाव वेळेसकट लिहिलेली आहे. एका दिवसाचं माप घेऊन सगळ्या हंगामाला लावलं, आणि जे सायलेन्सर लावलेल्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊन येतात त्यांनाही त्याच यादीत बसवलं. उरलेल्या एखाद्या शनिवारी, त्याच घरांच्या अंगणात, तेच यंत्र पुन्हा लावा. जो आकडा येईल तो आम्ही मान्य करू. ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांच्यासमोर बसून कोणते तास, किती दिवस, कुठे मातीचा बांध घालायचा, हे ठरवायची आमची तयारी आहे. आजवर ती बैठक कुणी बोलावलीच नाही.

अहवालाच्या शेवटी एक वाक्य आहे: "विरोध मुख्यतः भावनिक स्वरूपाचा आहे." हे वाचून मला सर्वांत जास्त दुःख झालं.

बाबांच्या वह्या एकतीस आहेत. प्रत्येक पानावर त्यांनी स्वतः पट्टी धरून रकाने आखले आहेत: पट्टा डावा की उजवा, निघायला लागलेला वेळ, साठ फुटांची वेळ, पाव मैलाची वेळ, टोकाचा वेग. वरच्या कोपऱ्यात तापमान, हवेतला दमटपणा आणि वाऱ्याची दिशा, कारण थंड, कोरड्या हवेत इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो आणि वेळ कमी येते. या ट्रॅकवर कोण आलं, किती वेळा आलं, कोणती मुलं वडिलांच्या मांडीवरून उतरून पुढे स्वतः चालवायला लागली, हे सगळं त्यात आहे. आमच्या आठवणी तुम्हाला भावनिक वाटत असतील तर वाटू द्या. पण त्या तारीखवार लिहिलेल्या आहेत, आणि तुमच्या अहवालात एका दिवसाची नोंद आहे.

सुरक्षिततेचं कारणही दिलं आहे. इथे मालकांशी मला थेट बोलायचं आहे. डाव्या पट्ट्याच्या टोकाचा वेळेचा फलक दोन हंगामांपासून बंद आहे. बाबा आता त्या बाजूच्या प्रत्येक गाडीची वेळ लिहायला स्लिप मागायला जातात आणि बहुतेक जण ती हौसेने दाखवतात. कठड्याचे बोल्ट गंजले आहेत. थांबण्याच्या पट्ट्यावरचे चार दिवे गेले ते गेलेच. या प्रत्येक गोष्टीबद्दल रेषेवरच्या स्वयंसेवकांनी लेखी कळवलं होतं, पैसे नसतील तर आम्ही श्रमदानाने करतो असंही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. दुरुस्ती करायची नाही आणि मग ना-दुरुस्त आहे म्हणून बंद करायचं, हे बरोबर नाही. तुमच्या वडिलांनी हा ट्रॅक चालवला तेव्हा ते स्वतः सकाळी झाडू घेऊन पट्ट्यावर चालायचे. एक खडा दिसला तरी उचलायचे. मी पाहिलेलं आहे.

आणि ज्याला तुम्ही पर्यायी ट्रॅक म्हणता तो चार तासांच्या अंतरावर आहे. ज्याच्याकडे गाडी वाहून न्यायला ट्रेलर आहे त्याला तो पर्याय आहे. जो आठवडाभर ज्या गाडीने कामाला जातो तीच घेऊन येतो, त्याला नाही. आणि रस्त्यावर उतरतो तो हाच.

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण समितीचं काम इथे सर्वांत जास्त आहे. ड्रॅग रेसिंगचे ट्रॅक निर्माण झाले तेच मुळात रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तरुण मुलं रात्री रस्त्यांवर गाड्या पळवत आणि मरत. १९५०मध्ये सँटा आना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली ती याच हेतूने: मुलांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित पट्ट्यावर आणायचं. १९५४मध्ये या संघटनेने गावोगावी फिरून शर्यती कशा भरवायच्या हे शिकवणारं एक पथक पाठवलं आणि त्याचा म्होरक्या पोमोना शहराचा पोलीस सार्जंट होता. शर्यती भरवायला शिकवणारा पोलीसच होता. लॉस एंजेलिसची लायन्स ड्रॅग स्ट्रिप १९५५मध्ये सुरू झाली ती लायन्स क्लबांच्या पुढाकाराने.

वेगाची ओढ गोदाम बांधल्याने जात नाही. ती रस्त्यावर जाते. तिथे हेल्मेट कुणी तपासत नाही, पट्ट्यांच्या मधे कठडा नसतो, टोकाला रुग्णवाहिका उभी नसते, आणि समोरून कुणाची तरी आई कामावरून परत येत असते.

ज्या लायन्सचं नाव घेतलं तिचं पुढे काय झालं तेही सांगते. १९७०मध्ये तिथे डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या पायाचा पुढचा भाग तुटला. तोवर इंजिन चालकाच्या पुढे असायचं. पुढच्या वर्षी ते इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन आले आणि जिंकू लागले, आणि थोड्याच काळात सगळ्यांच्या गाड्या तशा झाल्या. कितीजणांचे जीव त्या एका बदलाने वाचले असतील. हे सगळं त्या एका स्थानिक पट्ट्यावरून सुरू झालं. १९७२च्या डिसेंबरमध्ये, आसपासच्यांच्या आवाजाच्या तक्रारींनंतर, तो बंद झाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. अलीकडची नावं घ्यायची तर न्यू जर्सीत इंग्लिशटाउनला १९६५पासून चालू असलेल्या शर्यती २०१८च्या जानेवारीत थांबल्या. अटलांटा ड्रॅगवे २०२१मध्ये गेला. २०२३ या एका वर्षात ह्यूस्टनजवळचा ट्रॅक गेला आणि डेन्व्हरजवळचा, १९५८पासून एकाच कुटुंबाने डोंगराच्या कुशीत सांभाळलेला बँडिमेअर स्पीडवेही गेला.

असा ट्रॅक दुसरीकडे पटकन उभा राहत नाही, त्याचं कारण साधं आहे. पाव मैल पळायला लागतो, पण थांबायला त्याहून जास्त लागतो. २००८च्या जूनमध्ये स्कॉट कलिटा या चालकाची नायट्रोवरची गाडी इंग्लिशटाउनला टोकाजवळ पेटली आणि थांबण्याच्या पट्ट्यात थांबू शकली नाही. ते गेले. त्यानंतर काही दिवसांतच नायट्रोच्या सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत ४०२ मीटरवरून १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणली गेली, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. तेव्हा किलोमीटरहून लांब, सरळ, सपाट, घरांपासून दूर अशी जमीन लागते. ती आज एकदा गोदामांखाली गेली की तशीच दुसरी शोधायला तुम्ही कुठे जाणार आहात?

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमधला सँटा पॉड हा महायुद्धातल्या हवाई तळाच्या धावपट्टीवर १९६६मध्ये सुरू झाला आणि आजही चालू आहे. गावं तिथेही आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत. जागेचा वापर बदलण्याचा निर्णय एक पूर्ण हंगाम पुढे ढकलावा आणि त्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी, ज्यात शेजारच्या घरांतले रहिवासी आणि ट्रॅकवरचे लोक एकाच खोलीत असतील. साध्या शनिवारी ध्वनिमापन पुन्हा करावं आणि दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून प्रसिद्ध करावेत. नायट्रोचे दोन दिवस आवाजामुळे बसत नसतील तर ते सोडायला आम्ही तयार आहोत. हे लिहिताना माझा हात थांबला होता, तरी लिहिते. पण रस्त्यावरच्या गाड्यांची शनिवारची संध्याकाळ राहिली पाहिजे. मालकांनी फलक, दिवे आणि कठडा यांच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांना परवानगी द्यावी. सामान आम्ही वर्गणी काढून आणू, हिशेब फाटकावर लावू. आणि एवढं सगळं करूनही ट्रॅक जाणारच असेल, तर दुसरी जागा आधी मंजूर व्हावी, तिथे पहिली गाडी धावावी, आणि मगच इथला पट्टा उखडावा. आधी बंद आणि मग बघू, हे आम्ही मान्य करणार नाही.

मालकांना आणखी एक विनंती, ही माझी स्वतःची. वेळ मोजण्याच्या खोलीत जुन्या स्लिपांचे गठ्ठे पडून आहेत. ते रद्दीत देऊ नका. तुम्हाला नको असतील तर मी घेऊन जाते.

सुनावणीला मी येईन, दादा येईल, आणि बाबा एकतीस वह्या घेऊन येतील. त्या दोन पेट्यांत भरलेल्या आहेत आणि बाबांना आता जिने चढवत नाहीत. तेव्हा सुनावणी तळमजल्यावर ठेवावी, आणि टेबल जरा मोठं असावं.

आपली विश्वासू,
पूर्वेकडच्या पायऱ्या, तिसरी रांग